धुतलेली टाकी

मी धुतलेल्या टाकीत बघून तुम्ही खुशाल भांग पाडा. ही बढाई नाही. सव्वीस वर्षं मी रंगखात्यात रंगाच्या टाक्या घासल्या, आणि त्या सव्वीस वर्षांत माझ्या टाकीमुळे कापडाचा एक तागा जरी वाया गेला असेल तर दाखवा, मिशा नाहीत तरी मिशा उतरवून देईन. रंगखात्यातली पहिली अक्कल हीच. आज लाल काढलाय, उद्या पिवळा काढायचाय, तर मधे टाकी अशी धुवा की लाल इथे कधी होता हे टाकीलाही आठवू नये. थेंबभर लाल मागे राहिला की पिवळ्याचा नारिंगी होतो, आणि मग सगळे तुमच्याकडे बघतात.

म्हणून कारखान्यात माझं नाव पडलं घासणी. तोंडावर मावशी, पाठीमागे घासणी. खरं सांगायचं तर मला घासणीच बरं वाटतं, कारण ते निदान खरं आहे. मावशी मी कुणाचीच नाही. मला एकच बहीण, धाकटी, आणि तिला मूलबाळ नाही. रोपं आहेत.

तिची रोपवाटिका कारखान्याच्या मागे, कुंपणाला लागून. फुलांची, वांग्याटोमॅटोची रोपं, कुंडीतली झाडं. विहीर होती गोड पाण्याची. होती म्हणते, कारण आता तिचं पाणी तोंडात धरवत नाही.

त्याचं असं झालं. कापड रंगवायला मीठ लागतं, तेही पोत्यांनी. रंग कापडात जातो आणि मीठ पाण्यात उरतं. ते पाणी गाळा, परत गाळा, शेवटी जे उरतं ते इतकं खारट असतं की गाळणीच हात टेकते. ते कारखान्यामागच्या तळ्यात सोडायचे, उन्हाने वाळेल म्हणून. तळ्यात खाली जाड प्लास्टिक अंथरलं होतं. ते कुठेतरी फाटलं. कुठे, ते अजून कुणाला सापडलं नाही, पण धाकटीच्या विहिरीला बरोबर सापडलं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या रोपांची पानं कडेने करपायला लागली, कुंड्यांच्या काठावर पांढरी पुटं चढली. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, तुझ्या कारखान्याने माझी विहीर खाल्ली."

"माझा कारखाना? मी तिथे टाक्या घासते."

"तेच म्हणते. टाक्या घासल्यावर ते पाणी जातं कुठे?"

उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो, तसा मी चढवला. ती उठली आणि गेली. त्यानंतर तिने माझा उंबरा ओलांडला नाही. मी जायचे तिच्याकडे, तर ती माझ्याकडे पाठ करून रोपांच्या पिशव्या भरत बसायची. हातगाडीवरून लांबच्या नळाचं पाणी आणायची, दिवसातून चार खेपा. मी गाडीला हात लावला तर म्हणायची, "राहू दे, तुझे हात स्वच्छ असतात."

आता तळं काठोकाठ भरलं. मॅनेजरसाहेबांपुढे दोनच वाटा होत्या. एक म्हणजे दुसरं तळं खोदायचं. त्यासाठी जागाही ठरली, धाकटीच्या दुसऱ्या बाजूला. लाल फीत बांधलेल्या खुंट्या मारून झाल्या होत्या. म्हणजे इकडे एक तळं, तिकडे एक तळं, आणि मधे माझी बहीण, अडकित्त्यातल्या सुपारीसारखी. दुसरी वाट म्हणजे पाणी गोठवायचं मशीन. ते पंधरा दिवसांच्या चाचणीवर आलं होतं. पंधरा दिवसांत जमलं तर मशीन, नाही जमलं तर तळं.

मशीनवर माणूस हवा म्हणाले तेव्हा मी हात वर केला. गुडघे दुखतात, रंगखात्यातल्या पायऱ्या होत नाहीत, असं कारण दिलं. गुडघे खरंच दुखतात, पण कारण ते नव्हतं. ते दुसरं तळं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच मला कळत होतं.

मशीनबरोबर एक इंजिनियर आला. चाळिशी उलटलेला, टक्कल पडत चाललेलं, उन्हातसुद्धा अंगात स्वेटर. बोलणं असं सावकाश की तोवर आपला चहा निवावा. मी पहिल्याच दिवशी त्याला थंडोबा नाव देऊन टाकलं. मनातल्या मनात हो. तोंडावर साहेबच.

त्याने मला नीट समजावलं. टाकी माणसापेक्षा थोडी उंच, बाहेरून जाड आवरण, आत भिंतीवर बसलेला बर्फ खरवडायला फिरती पाती. खारट पाणी हळूहळू गार करत न्यायचं. एका ठरावीक थंडीला त्यातलं पाणी बर्फ होऊन वर तरंगतं आणि मीठ खडे होऊन खाली बसतं.

"म्हणजे काडीमोड," मी म्हटलं.

"तसंच समजा," तो म्हणाला. "आणि दोघंही धडधाकट बाहेर पडतात. बर्फ वरून काढायचा, जरा धुवायचा, वितळवला की चांगलं पाणी. मीठ खालून काढायचं. दोन्ही परत रंगखात्याला. उकळून पाणी उडवायला जेवढी आच लागते, तिच्या मानाने खर्चही कमी."

"आणि तळ्यात काय सोडायचं?"

"जवळजवळ काहीच नाही, मावशी."

त्या एका वाक्यासाठी मी त्याचं मावशी म्हणणं माफ केलं. मग त्याने विचारलं, की टाकी रोज धुवायला हवी का, तुमचा अनुभव काय. मी म्हटलं, "साहेब, थंडी तुमची, टाकी माझी. धुण्याचं मला कुणी शिकवायचं नाही." त्याच दुपारी लाल रंगाचा डबा आणून मी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, काम संपल्यावर टाकी पूर्ण रिकामी करून गरम पाण्याने धुणे. खिळ्याला धुलाईची वही टांगली. रोज एक चौकोन, रोज एक टिक.

पहिले आठ दिवस मशीनने आमच्या तोंडाला फेस आणला.

सकाळी टाकी भरायची, थंडी सोडायची. टाकीला एक छोटी काचेची खिडकी होती, तिला नाक लावून मी उभी राहायचे. काटा शून्याच्या खाली एक जायचा, दोन, तीन, चार. पाणी ढिम्म. थंडोबा म्हणायचा, दीडलाच बर्फ धरायला हवा होता. पाचला जायचा. आणि मग एकदम, डोळ्याची पापणी लवेपर्यंत, सगळी टाकी पांढरीफटक. बर्फ भिंतीला असा चिकटायचा जसा काही तिथेच जन्मला. पाती कर्रकर्र करायची, मोटर बंद पडायची. मग मी आणि थंडोबा लाकडी दांडक्याने तो बर्फ फोडणार, वितळवणार, आणि पेनाएवढा मीटर त्यात बुडवणार. पाण्यात क्षार किती ते तो मीटर सांगतो. पाचशेच्या आत आलं तर पास. आमचं यायचं चार हजार. बर्फाने घाईघाईत खारट पाणी पोटात अडकवून घेतलेलं असायचं.

थंडोबाने पात्यांचा वेग बदलला. थंडी कमी केली, जास्त केली. पाणी वरून सोडलं, खालून सोडलं. रोज संध्याकाळी तो वहीत आकडे लिहायचा. आणि मी? मी आणखी जोर लावून टाकी घासायचे. म्हटलं, आपल्या बाजूने कसर नको.

आठव्या दिवशी दुपारी चारला वॉचमन धावत आला. म्हणाला, "मावशी, तुमची बहीण फाटकासमोर बसलीय. उठत नाही."

मी ब्रश हातात घेतलेला होता. टाकीत गुडघाभर चिखल होता, बर्फ आणि मीठ एकत्र कालवलेला. तो तसाच ठेवून, झाकण लावून मी फाटकावर गेले. धाकटी जमिनीवर बसली होती आणि पुढ्यात रोपांचे तीन ट्रे. एकही रोप हिरवं नव्हतं.

"खुंट्या मारल्यात तिकडे," ती म्हणाली. "मला वाटलं कुंपण घालतायत. आज कळलं तळं आहे."

"अजून ठरलेलं नाही. मशीन चालू आहे."

"ताई, तू आत असतेस ना?"

"असते."

"मग आत असून करतेस काय?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला मला ओरडता येतं. पण ती हळू बोलली. मी ट्रे उचलले, हातगाडीवर ठेवले आणि गाडी ओढायला लागले. त्या दिवशी तिने मला अडवलं नाही. तिच्या घरापर्यंत पोचेतो पाळी संपली होती. मी परत कारखान्यात गेले नाही.

दुसऱ्या दिवशी पोचायला उशीर झाला. थंडोबाने मशीन सुरू करून टाकीत पाणी सोडलेलं होतं. झाकण तो कधी उघडून बघत नसे, टाकी माझी होती ना. खिळ्यावरची वही पाहिली, कालचा चौकोन रिकामा. सव्वीस वर्षांत माझा एक चौकोन रिकामा नव्हता. रंगखात्यात असताना एकाने न धुता टिक केली होती. त्याला मीच पकडून दिलं, आणि त्याची नोकरी गेली. फलकावर तो नियम अजून लावलेला आहे, वहीत खोटी नोंद म्हणजे घरचा रस्ता. हे सगळं मला आठवलं. तरी मी पेन उचललं आणि टिक केली.

आणि त्या दिवशी काटा दीडवर येऊन थांबला.

थांबला तो हललाच नाही. खिडकीतून बघते तर साखरेच्या जाड दाण्यासारखा बर्फ सळसळत वर चाललाय, आणि त्याच्यातून वाट काढत पांढरे खडे खाली चाललेत. भिंत साफ. पाती लोण्यातून फिरावीत तशी फिरतायत. दुपारी मीटर बुडवला, दोनशे दहा.

थंडोबाने स्वेटर काढून हवेत उडवला. देवाशप्पथ. "वेग!" तो म्हणाला. "मावशी, पात्यांचा वेग! काल रात्री मी हिशेब केला होता, तोच!" मला काय, मी पण टाळ्या वाजवल्या. कालच्या घाणीमुळे आज पाणी बिघडेल अशी मला धास्ती होती. दोनशे दहा बघितल्यावर वाटलं, सुटलो बाबा. पापाचं प्रायश्चित्त म्हणून त्या संध्याकाळी मी टाकी दोनदा धुतली.

दहाव्या दिवशी, तोच वेग, तीच थंडी, आणि बर्फ भिंतीला. अकराव्या दिवशी तेच, वर एक पातं वाकलं.

संध्याकाळी मॅनेजरसाहेब आले. माणूस वाईट नाही, पण आकड्याशिवाय त्यांच्या गळ्याखाली घास उतरत नाही. थंडोबाने नवव्या दिवसाचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. का जमलं ते सांगू शकता?"

"नाही," थंडोबा म्हणाला. "चूक माझ्या वेगाच्या हिशेबात आहे. तसं लिहून देतो."

"द्या. उद्या सकाळी सही करू. परवा खोदाईचं मशीन बोलावतो."

मी टाकी धुतली. रडत धुतली, पण धुतली.

मग धाकटीकडे निघाले. तिला सांगायला हवं होतं, की बाई, दुसरी जागा बघ, मी काही करू शकले नाही. पण नुसतं कसं जायचं? म्हणून वाटेत घरून एक भांडं घेतलं. विरजण मागायच्या निमित्ताने.

ती ओट्यापाशी दूध गाळत होती. मी दारात उभी. मी इकडचं बोलले, तिकडचं बोलले. शेवटी तीच म्हणाली, "ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस? विरजणच हवंय ना?"

"हो."

"दर चार दिवसांनी हवं असतं तुला. लहानपणापासून बघतेय. दही संपलं की तू भांडं असं घासतेस की त्यात दही होतं हे शपथेवर सांगावं लागेल. आणि मग दारोदार विरजण मागत फिरतेस." तिने चमच्याने दही काढलं. "चमचाभर तळाशी राहू द्यायला तुझं काय जातं गं? दूध लागतं ते मागच्या दह्याने. तुझ्या चकचकीत भांड्याने नाही लागत."

मी तिथेच पाटावर बसले.

"काय झालं?" ती म्हणाली. "लागलं का बोलणं?"

मला बोलणं लागलं नव्हतं. मला दिसत होता तो टाकीतला गुडघाभर चिखल. नवव्या दिवशी त्याच्यावरच नवं पाणी पडलं होतं. काटा उगाच थांबला नव्हता. पाण्याला गोठायचं असतं पण धरायला काही नसतं, म्हणून ते तग धरून बसतं, आणि मग सहन झालं नाही की भिंत गाठतं. त्या दिवशी धरायला जाड आवरणात रात्रभर टिकलेला कालचा बर्फ होता, कालचे खडे होते. आणि मी मूर्ख, अकरा दिवसांतले दहा दिवस ते गरम पाण्याने धुऊन गटारात सोडलं होतं. रंगखात्याची अक्कल मी या टाकीला लावली. अति तिथे माती म्हणतात, माझी तर माती करण्यापर्यंत मजल गेली होती, तीही बहिणीच्या जमिनीची.

"धाकटे," मी म्हटलं, "तू शहाणी आहेस."

"हे दोन वर्षांनी कळलं?"

मी उठले आणि चालू पडले. विरजणाचं भांडं तिथेच राहिलं.

वाटेत दुसरा विचार आला, आणि तो विचार मला अजिबात आवडला नाही. सकाळी सही होणार. सही थांबवायची तर मॅनेजरला कारण हवं. कारण सांगायचं तर आठव्या दिवशी टाकी धुतली नव्हती हे सांगायचं. आणि वहीत तर टिक आहे. माझ्या हाताची. थंडोबाला ती चूक कशी सापडणार? त्याने एकेक गोष्ट तपासली असेल, आणि माझा चौकोन बघून म्हणाला असेल, हे तर रोज सारखंच आहे.

गप्प राहिले असते तर नोकरी राहिली असती आणि नावही. मग मी ज्याला घालवलं होतं तो माणूस आठवला. त्याने तरी एका ताग्यासाठी खोटं केलं होतं, आणि माझ्या एका टिकेपायी बहिणीची अख्खी जमीन जाणार होती. म्हटलं, घासणीबाई, सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे डाग काढलेस, आता स्वतःचा काढ.

सकाळी मी पाळीच्या आधी पोचले. मॅनेजरसाहेब टेबलापाशी, थंडोबा समोर, मधे कागद. मी खिळ्यावरून वही काढली आणि कागदावर ठेवली.

"ही टिक खोटी आहे," मी म्हटलं. "आठव्या दिवशी मी टाकी धुतली नाही. त्या दिवसाचा बर्फ आणि मीठ तळाशी तसंच राहिलं. म्हणून नवव्या दिवशी जमलं. बाकी सगळ्या दिवशी मी धुतली, म्हणून बिघडलं. वेगाचा काही संबंध नाही. चूक साहेबांची नाही, माझी आहे."

थंडोबाने आपली वही उघडली, पानं मागेपुढे केली, आणि मग तो थंडोबा जो तापला!

"बीज!" तो ओरडला. "बर्फाला बीज कुठून मिळालं, हे मी स्वतःला पाच वेळा विचारलं! पाच वेळा! आणि पाचही वेळा तुमची टिक बघून ते खोडलं! तीन दिवस गेले, मावशी! पातं वाकलं!"

"ओरडा," मी म्हटलं. "तुमचा हक्क आहे. पण नंतर ओरडा, आधी मशीन लावा."

मॅनेजरसाहेबांनी वही स्वतःकडे ओढली. "खोटी टिक करणारी बाई आज खरं बोलतेय, हे मी कशावरून मानू? तुमच्या बहिणीची जमीन तिथे आहे, मला माहीत आहे."

माझं डोकं सणकलं. "मानू नका ना! मी कुठे म्हणते माना? हातच्या कांकणाला आरसा कशाला? टाकी तिथे आहे, मीटर तिथे आहे. तीन तास थांबा. नाही जमलं तर सही करा, आणि मला फाटकाबाहेर काढा. मीच खोदाईच्या मशीनला वाट दाखवीन."

ते थांबले. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

टाकी मी आदल्या संध्याकाळी धुतलेली, लखलखीत. पण फोडलेला बर्फ बाजूच्या झाकणाच्या पेटीत अजून निम्मा शिल्लक होता, आणि नवव्या दिवसाचं मीठ ओल्या पोत्यात होतं. थंडोबाने वाकलेलं पातं काढून दुसरं बसवलं. पाणी सोडलं. काटा एकवर आला, दीडच्या जरासा खाली गेला. "आता," तो म्हणाला. मी दोन घमेली बर्फाचा चुरा आत टाकला आणि ओंजळ ओंजळ मीठ. 

काटा परत वर सरकला आणि दीडवर बसला. आम्ही तिघं एका वीतभर खिडकीला नाकं लावून उभे. आधी काही नाही. मग एक दाणा वर गेला. मग पाच. मग मोजता येईनात. आणि खाली, मीठ पडायला लागलं.

"हं," मॅनेजरसाहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढंही पुष्कळ.

तीन तासांनी मीटर बुडवला. तीनशे चाळीस.

"आज झालं," ते म्हणाले. "पण रोज व्हायला हवं. चाचणीचे तीन दिवस उरलेत. पंधराव्या दिवसापर्यंत रोज पाचशेच्या आत. एकदा जरी वर गेलं, तरी तळं. आणि त्या टिकेचं आपण नंतर बघू."

त्या संध्याकाळी मला जे झालं ते कुणाला सांगून पटणार नाही. पाळी संपली, टाकीत कंबरेपर्यंत चिखल, आणि मी बाहेर उभी. हात नुसते शिवशिवत होते. शेवटी ब्रश उचलला आणि थंडोबाच्या हातात दिला.

"हा तुमच्या कपाटात ठेवा. कुलूप लावा. किल्ली मी मागितली तरी देऊ नका."

"एवढं?" तो म्हणाला.

"साहेब, तुम्ही मला ओळखत नाही."

तेराव्या दिवशी दोनशे तीस. चौदाव्या दिवशी मोटर मधेच कुरकुरली, मी खिडकी सोडली नाही, डबासुद्धा तिथेच उभ्याने खाल्ला. एकशे नव्वद. पंधराव्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी स्वतः मीटर धरला, पुसला, परत बुडवला. एकशे ऐंशी. त्यांनी खिशातून तळ्याचा कागद काढला आणि उभा-आडवा फाडला. फाडताना म्हणाले, "जुन्या तळ्यातलं पाणीसुद्धा यातूनच काढू. वर्षभर लागेल, लागू दे."

मग माझ्याकडे वळले. "दहा दिवस घरी बसा. बिनपगारी. खोट्या नोंदीची शिक्षा. नियमाने नोकरीच जायला हवी, पण खरं सांगायला आलात ते सही व्हायच्या आधी आलात."

शिक्षेच्या कागदावर मी सही केली. खरी. जाण्याआधी लाल डबा मागून घेतला, भिंतीवरचं माझं वाक्य खोडलं आणि त्याखाली लिहिलं, टाकी कधीही पूर्ण रिकामी करू नये. थंडोबा मागे उभा राहून बघत होता.

"अक्षर चांगलं आहे, मावशी," तो म्हणाला.

"अक्षर पहिल्या वेळीही चांगलंच होतं," मी म्हटलं.

घरी बसायची मला सवय नाही. दोन दिवसांत घर इतकं घासलं की घासायला काही उरलं नाही. धाकटीकडे गेले नाही. काय सांगणार होते, की तुझी जमीन वाचली, पण धोक्यात आणणारी मीच होते? वॉचमनकडून मात्र सगळं कळत होतं. खुंट्या उपटल्या. त्या तिने कारखान्याच्या माणसांना परत दिल्या नाहीत, टोमॅटोच्या रोपांना आधाराला लावल्या, लाल फितीसकट. आणि थंडोबाने पाणी तपासून घेऊन बर्फाच्या पाण्याचा एक नळ कुंपणापलीकडे काढून दिला. तिच्या हातगाडीच्या खेपा थांबल्या. विहीर गोड व्हायला वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही, तेही थंडोबाने तिला तोंडावर सांगितलं. आणि आठवा दिवस, ती खोटी टिक, वहीतलं सगळं सांगितलं. तो मेला कधी काही लपवत नाही.

सहाव्या दिवशी सकाळी दार वाजलं. धाकटी. दोन वर्षांनी. आत आली नाही, उंबऱ्यापाशीच उभी राहिली. हात पाठीमागे.

"बरी आहेस?" तिने विचारलं.

"बरी आहे."

"गुडघे?"

"आहेत."

इकडचं बोलली, तिकडचं बोलली. मग पाठीमागून हात पुढे घेतला. हातात भांडं होतं. मी तिच्याकडे विसरलेलं, माझंच.

"विरजण आहे का गं थोडं?" ती म्हणाली. "घरात नाहीये."

खोटं बोलत होती. आमची आई गेली त्या दिवसापासून तिच्या घरात दही नाही असा एक दिवस गेलेला नाही.

मी ओट्यापाशी गेले. दह्याचं पातेलं तिथेच होतं, एकदा शेजारणीच्या विरजणाने लावलेलं आणि मग रोज त्यातच, कडांना सुकलेलं, न घासलेलं. चमचाभर दही तळाशी होतं. सहा दिवस त्या पातेल्याकडे बघून माझे हात शिवशिवत होते, आणि सहा दिवस मी त्याला हात लावला नव्हता.

"आहे," मी म्हटलं. "आत ये."

ती उंबरा ओलांडून आत आली.